गोदावरीनं लिहिलेली दहावी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते गोदावरीचे. ती माझी शिक्षिका नव्हती की नात्यातली नव्हती. मी नोकरीला लागलो तेव्हा ती आमच्या शाळेत नववीत शिकत होती. तिनं दहावीच्या बोर्डाचे सगळे पेपर स्वतःच्या हातानं लिहिले. त्या पेपरांमुळे माझी नोकरी टिकली, घर उभं राहिलं, मुलं शिकली. तिची स्वतःची दहावी मात्र राहून गेली. संपादकांनी माझ्याकडे शाळेतले गमतीचे अनुभव मागितले होते. लिहायला बसलो आणि दर वेळी गोदावरीशीच येऊन थांबलो. म्हणून तिचंच लिहितो.

आमची शाळा म्हणजे हिंगोलीतलं मोठं सरकारी हायस्कूल. नाव मुद्दाम लिहीत नाही. निजामाच्या काळातल्या दगडी खोल्या आणि त्यांना नंतर जोडलेले पत्र्याचे वर्ग. एका अंगाला मराठी माध्यम, दुसऱ्या अंगाला उर्दू. मागे टेक्निकलचं वर्कशॉप होतं. तिथली लोखंड कातणारी लेथ चालताना बघायला मिळावी म्हणून निम्मी पोरं टेक्निकल विषय घ्यायची. स्काउट होतं, एनसीसी होती, चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षा होत्या. प्रार्थनेला सगळी मुलं एकदम उभी राहिली की पटांगण दिसायचं नाही. नव्वदच्या दशकात या सगळ्यात आणखी एका योजनेची भर पडली. अंध मुलांना लांबच्या वेगळ्या शाळेत न धाडता इथंच इतर मुलांबरोबर बसवायचं आणि त्यांच्या मदतीला एक खोली आणि एक विशेष शिक्षक द्यायचा. तो शिक्षक मी.

मी कनेरगाव नाक्याजवळच्या एका खेड्यातला. वडील नाक्यावरच्या ढाब्यावर भांडी घासायचे, आई रोजानं निंदायला जायची. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला बी.ए. मीच. पुढं अंधांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, त्यामागं काही थोर विचार नव्हता. त्या कोर्सला वसतिगृह मिळत होतं, एवढंच. नेमणूक झाली तीही वर्षावर्षाच्या बोलीची. खोली म्हणून भूगोलाच्या वर्गाचा अर्धा भाग मिळाला. मध्ये गुंडाळलेल्या नकाशांची भिंत. पलीकडे मान्सून वारे चालायचे आणि अलीकडे मी ब्रेल शिकवायचो.

ब्रेल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि टोकदार लेखणीनं त्यावर टिंबं टोचायची. सहा टिंबांच्या मांडणीतून सगळी अक्षरं होतात. टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, मग कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचं. आमच्या मुख्याध्यापिका शमीमबाई उर्दू विभागातून आलेल्या. पहिल्या दिवशी मला टोचताना बघून म्हणाल्या, "वा सर, लिहिता आमच्यासारखं आणि वाचता तुमच्यासारखं!"

पण बोर्डाचे पेपर तपासणाऱ्यांना ब्रेल येत नाही. म्हणून अंध मुलाला परीक्षेत लेखनिक देतात. मुलगा उत्तर बोलतो आणि लेखनिक ते कागदावर उतरवतो. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्यानं स्वतःची उत्तरं घुसडू नयेत. हे कळल्यावर मोंढ्यातले एक व्यापारी माझ्याकडे आले होते.

"सर, आमच्या पोराला बी एक लेखनिक लावून द्या."

"त्याला दिसत नाही का?"

"दिसतंय की. चौकातून सिनेमाचं पोस्टर वाचतंय. लिवायचा तेवढा कटाळा हाय."

चांगला लेखनिक मिळणं फार अवघड असतं. अक्षर चांगलं हवं, हात चपळ हवा. मुख्य म्हणजे समोरचा चुकत असताना गप्प बसून त्याची चूक तशीच लिहिता आली पाहिजे. ते भल्याभल्यांना जमत नाही.

माझा पहिला दहावीचा विद्यार्थी दत्ता. सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्या घरातला, जन्मापासून अंध. जिभेला हाड नव्हतं. तपासणीला आलेले साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "या पोराचा निकाल बघू. पास झाला तर खोली चालू ठेवू, नाहीतर दुसऱ्या तालुक्याला देऊ." खोली गेली असती तर मीही गेलो असतो.

लेखनिक म्हणून मी आधी दोघातिघांच्या आईवडलांना विचारलं. मार्चात स्वतःची परीक्षा तोंडावर असताना कुणी पोर देईना. गोदावरी वर्गाच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायची. ते अक्षर बघून येणाराजाणारा थांबायचा. घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, म्हणून ती शाळेसाठी हिंगोलीत मावशीकडे राहायची. तिला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. मी तिच्या वडलांना निरोप धाडला.

मारोतराव आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खुर्ची दिली तर बसेनात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. निदान मला तसं वाटलं.

"बोर्डाची परीक्षा म्हंजे धाव्वीची?" त्यांनी विचारलं.

"हो, दहावीची."

"दारात पोलिस असते म्हंते ना?"

"असतात."

"अन आमची गोदी आत बसून लिवणार?"

"हो. दत्ता बोलेल, ती लिहील."

"मंग लिवू द्या की सर. त्या आंधळ्या लेकराला बी मदत होईल. पुण्याचं काम हाय."

जानेवारीपासून दोघांचा सराव सुरू झाला. दत्ता भराभर बोलायचा आणि गोदावरी त्याला दटावायची.

"हळू बोल की, तुझी रेल्वे सुटून राहिली का?"

"तुझा हातच बैलगाडीवाणी हाय, म्या काय करू? सर, खरं सांगा, गोदीचं अक्षर कसं हाय? लोकं लई सांगतात. म्या तं पायलं न्हाई."

"तुझ्या बोलण्यापरीस बरं हाय," ती म्हणायची.

त्याच्याकडून उत्तरं पाठ करून घेता घेता तिची दहावीची पुस्तकं सगळी झाली. मी बघत होतो. नववीतली पोर दहावीचं विज्ञान समजून घेत होती. शमीमबाई एकदा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "सर, पुढच्या साली ही पोरगी आपल्या शाळेचं नाव काढते, बघा."

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. दोघांना वेगळी खोली दिली होती. एका पेपरला भरारी पथक आलं. पथकाच्या साहेबांना वाटलं, इतका सपासप पेपर चाललाय म्हणजे काहीतरी गडबड आहे. ते गोदावरीलाच प्रश्न विचारायला लागले. ती घाबरून उभी राहिली. दत्ता बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, तपासायचं तं माझे डोळे तपासा. तिला काहून तपासून राहिले?" साहेब निघून गेले. त्याच दिवशी मारोतराव गेटाबाहेर उभे होते. मेंढरं गावाबाहेर बसवून लेक परीक्षेला जाताना बघायला आले होते. पोलिसानं गोदावरीला आत सोडलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला.

विज्ञानाचा पेपर सुटल्यावर मात्र गोदावरी नळावर तोंड धूत राहिली. जवळ गेलो तर रडत होती.

"दत्ता चुकीचं बोलला सर. ते मला येत व्हतं."

"मग काय केलंस?"

"त्यो बोलला तेच लिवलं. तुमीच सांगितलं व्हतं."

मागून दत्ता काठी टेकत आला. "गोदे, सांगायचं ना हळूच कानात."

"तुझा पेपर हाय का माझा?" ती फणकारली. मग मला म्हणाली, "पुढच्या साली म्या माझं लिवीन ना सर, तवा बराबर लिवीन."

एप्रिलमध्ये तिनं नववीची परीक्षा दिली आणि ती आईवडलांकडे मेंढरांमागं गेली. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि दत्ता पास झाला. शाळेनं त्याला हार घातला. साहेबांचा निरोप आला की खोली चालू राहील. दुसऱ्या दिवशी मारोतराव पेढ्याचा पुडा घेऊन शाळेत आले. नवा पटका बांधला होता. शिपायापासून शमीमबाईंपर्यंत सगळ्यांना पेढा देत होते.

"घ्या सर. आमची पोरगी धाव्वी पास झाली."

मी हसलो आणि पेढा घेतला. दत्ताच्या आनंदात ते आपल्या लेकीचा वाटा सांगताहेत, असं मी समजलो. शमीमबाईही तसंच समजल्या. त्या दिवशी मी खूप खुशीत होतो. माझी नोकरी वाचली होती.

शाळा भरली आणि दहावीच्या वर्गात गोदावरी दिसली नाही. पेरण्या चालू असतील म्हणून थोडे दिवस वाट बघितली. मग मावशीला गाठलं. ती म्हणाली, "आता काहून येईल शाळेत? झाली की तिची धाव्वी. सोयरीक बी जमली."

मी आणि शमीमबाई एसटीनं निघालो, पुढं धरणाच्या अलीकडच्या त्यांच्या वस्तीवर पायी गेलो. मारोतरावांनी घोंगडी अंथरली, चहा ठेवायला सांगितला. त्यांना आम्ही अभिनंदनाला आलो असं वाटलं.

"बरं झालं आले. पोरगा सेनगावाकडचा हाय. मेंढरं भरपूर. धाव्वी पास पोरगी म्हणल्यावर लगेच हा म्हणले."

"मारोतराव," मी म्हणालो, "गोदावरी दहावी पास नाही. तिची नववी झाली. दहावी दत्ता पास झाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "पेपर कोणं लिवले?"

"तिनं."

"सगळे?"

"सगळे."

"तिच्याच हातानं?"

"हो, पण..."

"मंग?"

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, जवाब त्या पोराचे होते. हात फक्त हिचा होता. मार्कशीटवर नाव त्याचं आलं."

आयुष्यात कधी शाळेची पायरी न चढलेला माणूस. लेक पोलिसासमोरून आत गेलेली त्यानं स्वतः बघितली होती. तिनं सगळे पेपर लिहिले आणि निकाल पास लागला. यात खोटं कुठं होतं, ते त्यांना कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. ते काठीनं माती टोकरत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "मंग सर, तुमी पेढा काहून खाल्ला?"

दारात गोदावरी उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं आबाला, ही धाव्वी माझी न्हाई. ते म्हणले, लेकीच्या जातीनं इतकं लाजू न्हाई."

मी विनवलं. एक वर्ष द्या, मी रोज शिकवतो, फी लागणार नाही. बाईंनी वय भरत नसल्याचं सांगितलं, कायदाही सांगितला. मारोतराव एकच म्हणत राहिले, "आता शाळेत धाडली तं सोयरे म्हणतील, नापास पोरगी गळ्यात मारून राहिले." शेवटी उठून उभे राहिले. "म्या सोयऱ्याला खोटं बोलत न्हाई. उद्याच जातो न खरं काय ते सांगतो. मोडली तं मोडली."

परत येताना एसटीत बाई म्हणाल्या, "सोयरीक मोडली पाहिजे सर. या अल्ला, पहिल्यांदा मी अशी दुवा मागते आहे." मीही मनात तेच मागत होतो.

त्यांनी शब्द पाळला. चारपाच दिवसांनी मारोतराव शाळेत आले. चेहरा मोकळा झाला होता.

"सर, सोयरे लई भले निघाले. सगळं सांगितलं त्याईला. हसले न म्हणले, धाव्वी असली काय न नसली काय, मेंढरं काय मार्कशीट मागतेत?" सांगताना तेही हसले. मनावरचं ओझं उतरल्यासारखे हसले.

मला हसता आलं नाही. त्या माणसांनी तक्रार केली असती, अडून बसले असते, तर दहावीला काही किंमत राहिली असती. पण सगळेच समजूतदार निघाले. कुणाचं काही अडलं नाही, म्हणून तिची दहावी राहून गेली. बाईंच्या सांगण्यावरून मारोतराव लग्न एक वर्ष थांबवतो म्हणाले होते. पण दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं आणि त्या मागोमाग गोदावरीचंही. बाई पुन्हा वस्तीवर जाऊन आल्या, पण तोवर सगळे मेंढरं घेऊन पांगले होते.

पुढं माझं बरं झालं, असंच म्हणायला पाहिजे. हिंगोलीचा जिल्हा झाला, कार्यालयं आली, मी कायम झालो. नकाशांची भिंत जाऊन पूर्ण खोली मिळाली. नंतर बोलणारा कॉम्प्युटरही आला. पहिल्या दिवशी तो देवनागरी बघून गप्प बसला, तेव्हा पोरं म्हणाली, "सर, हा बी नवीन ॲडमिशन हाय वाटतं." माझ्या हाताखालून बरीच मुलं दहावी झाली. दत्ता बी.ए. झाला, नांदेडला एका कार्यालयात टेलिफोनवर बसतो. लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हा मी सहज विचारलं, गोदावरी आठवते का. एरवी बोलण्यात कुणाला न ऐकणारा दत्ता हातातल्या पत्रिकांचा गठ्ठा सारखा करू लागला. म्हणाला, "सर, नोकरीच्या मुलाखतीत म्या मार्कशीट दाखवली ना, तवा कागदावर बोट फिरवून पायलं. तिचं नाव कुठं तरी असंल असं वाटलं."

त्या वर्षानंतर मी लेखनिकाच्या आईवडलांना आधी परीक्षेच्या खोलीत नेऊन बसवायचो. हॉल तिकिटावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि निकाल कुणाचा लागणार, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचो. लोकांना ते वेडेपण वाटायचं. एका बाईनं तर विचारलं, "सर, इतकं काहून घाबरता?"

गेल्या उन्हाळ्यात वाशीमहून येताना कनेरगाव नाक्यावर एसटी थांबली. रस्ता मेंढरांनी भरला होता. मेंढरांच्या मागं डोक्यावर बोचकं घेतलेली बाई होती. तिनंच मला ओळखलं.

"सर! न्हाई ओळखलं का? म्या गोदी."

मी खाली उतरलो. कंडक्टर ओरडत होता. तिनं शमीमबाईंचं विचारलं, दत्ताचं विचारलं. त्याला नोकरी लागल्याचं ऐकून तिला मनापासून आनंद झाला. तक्रारीचा एक शब्द नाही. पोरं आश्रमशाळेत घातली आहेत, म्हणाली. मी परत गाडीकडे वळलो तेव्हा तिनं हाक मारली.

"सर, एक इचारू का? माझा नववीचा निकाल काय लागला व्हता?"

मी गाडीच्या पायरीवरचा पाय खाली घेतला.

"म्या परीक्षा दिली न मेंढराकडं गेले. मंग घरात सगळं धाव्वीचंच चाललं. माझी नववी कोणी इचारलीच न्हाई. म्या पास व्हते का?"

मलाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तो निकाल बघावा, असं माझ्याही मनात आलं नव्हतं. बघून कळवतो, म्हणालो. तिनं सांगितलं, नाक्यावरच्या चहाच्या हाटेलात आमचं टपाल ठेवतात, तिथं धाडा. गाडी सुटली.

निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, जुने निकाल काढायला लावले आणि तिला पत्र लिहिलं. त्याची नक्कल ठेवली होती, ती इथं देतो.

"चि. सौ. गोदावरी हिस,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे बराच वेळ ठरत नव्हतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो. तू नववी पास झाली होतीस. तुमच्या तुकडीत पहिली आली होतीस. विज्ञानात तर सगळ्या तुकड्यांत तुला सर्वांत जास्त गुण होते. हे तुला त्याच वेळी घरी येऊन सांगायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे दत्ताच्या निकालाची वाट बघत होतो. तुझा निकाल लागून गेला आणि तो बघायला कुणी गेलं नाही.

शाळेत न येताही दहावीला बसता येतं. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. वयाची अट नाही. पुस्तकं मी देईन, शिकवायला तुमचा मुक्काम असेल तिथं येईन. आता मला वेळच वेळ आहे. पण बसायचं की नाही, हे तूच ठरव. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. तुझ्यासाठी ठरवणारे आजवर पुष्कळ झाले, त्यांत मीही होतो.

दत्ताला तुझी भेट झाल्याचं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तिला माझा नमस्कार लिहा.

फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो काढून सोबत पाठवतो आहे. त्यावर 'नववी उत्तीर्ण' असं लिहिलं आहे. खाली शाळा सोडण्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. तो कोरा ठेवा, असं मी क्लार्कना म्हणालो. ते म्हणाले, कोरा चालत नाही, सगळ्यांच्या दाखल्यावर लिहितो तेच लिहितो. म्हणून तिथं 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलेलं आहे. वाचून राग मानू नकोस. दुसरं काय लिहायला सांगावं, ते मला सुचलं नाही.

तुझा,
सर"